साखळीतल्या कुत्र्यालाही काम हवे

देवपूरच्या कोणत्याही वसाहतीत सकाळी फेरी मारली तर दोन प्रकारचे कुत्रे दिसतात. गल्लीतला कुत्रा कोपरे हुंगतो, खाणे शोधतो, सोबत्यांशी खेळतो. दिवसभर त्याचा काही ना काही उद्योग चालू असतो. फाटकाच्या आत बांधलेल्या कुत्र्याला वेळेवर दूध-भाकर मिळते, लस मिळते, नावही मिळते. पण त्याला करायला काहीच नसते.

मग तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, एकाच जागी गोल फिरतो, चपला फाडतो, स्वतःचा पाय चाटून चाटून जखम करून घेतो. घरचे म्हणतात, कुत्रा द्वाड निघाला. मार बसतो, साखळी आणखी आखूड होते. कधी तो घरातल्या किंवा शेजारच्या लेकराला चावतो, आणि शेवटी त्याला दूर कुठेतरी सोडून दिले जाते. यातले पुष्कळसे टाळता येते, तेही फारसा खर्च न करता.

‘एनरिचमेंट’ म्हणजे काय?

बंदिस्त प्राण्याला त्याच्या स्वभावाला साजेसे काम देणे, याला एनरिचमेंट म्हणतात. या कल्पनेला चालना मिळाली ती प्राणिसंग्रहालयांत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबनांना खाणे आयते न देता ते कळ दाबून मिळवण्याची सोय केली. सुस्त बसणारे गिबन कामाला लागले. पिंजऱ्याला जे लागू, तेच साखळीलाही लागू आहे.

कुत्र्याचे मुख्य हत्यार म्हणजे नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या साधारण ५० ते ६० लाख पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. म्हणून नाकाला काम मिळाले की कुत्र्याचे मन रमते.

शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोवित्झ या संशोधिकांनी २०१९ मध्ये २० पाळीव कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या कुत्र्यांनी दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव केला, तर निम्म्यांनी मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर खाऊ आहे की नाही हे न कळणाऱ्या जागी वाटी ठेवली. हुंगण्याचा सराव केलेले कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर, आशेने गेले. दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही.

घरच्या घरी करण्याचे उद्योग

रोज १५-२० मिनिटे पुरेत. खाऊ वेगळा नको. रोजच्या जेवणातलाच थोडा भाग बाजूला काढावा, नाहीतर वजन वाढते.

१. शोधाशोध : साध्या भाकरीचे बारीक तुकडे अंगणात पसरून त्याला शोधू द्यावेत. सुरुवातीला त्याच्यासमोर टाकावेत, मग लपवावेत.

२. गुंडाळी : जुन्या टॉवेलमध्ये किंवा गोधडीच्या तुकड्यात खाऊ ठेवून सैल गुंडाळी करावी. तो नाकाने आणि पायाने ती उलगडतो.

३. तीन वाट्या : तीन वाट्या पालथ्या ठेवून एकीखाली केळीचा छोटा तुकडा ठेवावा. कोणतीत आहे ते त्याने ओळखावे.

४. खोका : पुठ्ठ्याच्या खोक्यात रद्दीचे बोळे आणि त्यात खाऊ. पिना आणि चिकटपट्टी आधी काढावी. कागद गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ देऊ नये.

५. हुंगत फिरणे : फिरायला नेल्यावर सारखे ओढू नये. जिथे थांबेल तिथे हुंगू द्यावे. अंतर कमी झाले तरी चालेल.

६. शिकवणी : ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शब्द दिवसातून पाच मिनिटे शिकवावेत. जमले की लगेच खाऊ द्यावा. मारू नये, मारामुळे तो शब्दाला नव्हे, हाताला घाबरायला शिकतो.

७. सहवास : राजगृहात १९३४ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या कौटुंबिक छायाचित्रात माता रमाई आणि यशवंतराव यांच्यासोबत टॉबी हा त्यांचा लाडका कुत्राही आहे. कुत्र्याची जागा अशी माणसांत असते. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसतात तेव्हा त्यालाही जवळ बसू द्यावे.

आपल्याकडचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. माणसासारखा अंगभर घाम येऊन कुत्र्याचे शरीर गार होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. म्हणून फिरणे सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री असावे. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. दुपारी सावलीत, वाटीभर पाण्यात खाऊचे तुकडे गोठवून केलेला बर्फ चाटायला द्यावा. तोही उद्योगच आहे.

हे देऊ नका

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. त्यामुळे आपले भरीत किंवा शेवभाजी कितीही चांगली झाली तरी उरलेली त्याच्या ताटात टाकू नये. द्राक्षे व मनुके मूत्रपिंड बिघडवतात. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगमही घातक आहेत. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला इजा करतात, तर मक्याचे बुरकूंड आतड्यात अडकते.

काळजी कुठे घ्यावी?

खाताना गुरगुरणाऱ्या कुत्र्यासोबत खाऊचे खेळ मुलांनी खेळू नयेत. इतर खेळांतही मोठे माणूस जवळ हवे. दोन कुत्रे असतील तर खाऊ वेगवेगळ्या जागी द्यावा. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर दुखणे असू शकते, तेव्हा आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

खेळ हा रेबीजच्या लसीला पर्याय नाही. कुत्र्याची लस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी टोचून घ्यावी. कुत्रा कोणालाही चावला, मग तो घरचा का असेना, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

कायदाही हेच सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. अवाजवी आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधणे आणि योग्य कारणाशिवाय प्राणी सोडून देणे, हेही गुन्हेच आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच. म्हणजे दंडाच्या भीतीने कोणी सुधारेल असे नाही, हे आपल्यालाच मनावर घ्यावे लागेल.

उद्यापासून एवढे करून पाहा : सकाळी दहा मिनिटे हुंगत फिरणे, संध्याकाळी पाच मिनिटे शोधाशोध, रात्री पाच मिनिटे शिकवणी. दोन आठवडे नेमाने करा आणि भुंकणे, उकरणे, चाटणे कितपत कमी झाले ते वहीत लिहून ठेवा. हे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे सोपवा, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली.