ग्रहणाची खूण

१. ‘चामखीळ’ हा शब्द माझ्या तोंडात फार लवकर येतो. चौदा वर्षांची मुलगी, कानाच्या वर गाठ, फणी लागली की रक्त. मी मलम लिहून मोकळा. ‘तिथं जन्मापासूनचं लासं आहे, केस कधी उगवलेच नाहीत,’ असं तिची आई दोनदा म्हणाली होती. केसपेपरवर माझ्याच अक्षरात ते आहेही. लिहून घेतलं होतं, ऐकलं नव्हतं.

२. पाठ असलेलं ज्ञान जास्त फसवतं. महिन्याभरानं त्या लाशाच्या पिवळसर पट्ट्याला नाव दिलं: नेव्हस सेबेशियस, त्वचारोगतज्ज्ञ याडासोननं १८९५ मध्ये वर्णन केलेला. वयात येताना हार्मोन्समुळे त्यातल्या तैलग्रंथी फुगतात, म्हणून ‘वाढणारच’ म्हणालो. पण वयामुळे वाढतो तो अख्खा पट्टा. इथं एकच कोपरा वर आला होता.

३. रिपोर्टवरचं प्रश्नचिन्ह रुग्णाच्या घरी पोचेपर्यंत गळून पडतं. बायोप्सीत ‘बेसल सेल कार्सिनोमा?’, म्हणजे त्वचेचा कर्करोग, आलं, मी ते वाचून दाखवलं आणि त्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. लासं गाठीसकट काढल्यावर ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काच पाहिली. ‘अरे, तुझा तुकडा किती वरवरचा! ही ट्रायकोब्लास्टोमा आहे.’ केसाच्या मुळाशी नातं सांगणारी, साधी गाठ. हिच्या आणि त्या कर्करोगाच्या पेशी जुळ्या बहिणींसारख्या. फरक कळतो तो भोवतीच्या धाग्यांवरून. कर्करोगात गाठ त्या धाग्यांपासून फाटून सुटते, हिच्यात धागे गाठीला बिलगून असतात. २००० साली फ्रान्समध्ये अशी ५९६ लाशी तपासली, तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा १ टक्क्याहूनही कमी निघाला. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला कुणी अडवलं नव्हतं.

४. खरा प्रश्न शेवटी, दाराशी विचारला जातो. टाके काढल्यावर आई हळूच म्हणाली, ‘ही पोटात असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानंच झालं ना?’ पूर्वी मी यावर हसलो असतो. या वेळी खुर्ची ओढली. गर्भ अगदी इवलासा असताना एखाद्या पेशीतलं जनुक बदलतं, बहुतेकदा एचआरएएस नावाचं. विळीचा, ग्रहणाचा, तुमचा काही संबंध नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन येते, डॉक्टर. हे एवढं तुम्हीच त्यांना सांगा.’