निकडीची पिशवी : उपयोग आणि मर्यादा

पावसाळा तोंडावर आला की जिल्हा प्रशासनाकडून गावोगाव ज्या सूचना प्रसृत होतात, त्यांत एक सूचना हमखास असते. महत्त्वाची कागदपत्रे, नित्याची औषधे आणि थोडे कोरडे अन्न एका पिशवीत बांधून हाताशी ठेवावे, ही ती सूचना. ती चावडीवर वाचली जाते, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि बहुतेक घरांत पुढे तिचे काहीच होत नाही. यामागे केवळ आळस आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. ज्यांनी किल्लारीचा भूकंप पाहिला, त्यांना बांधून ठेवलेल्या पिशवीचा काय उपयोग, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उलट, कृष्णाकाठच्या ज्या कुटुंबास २०१९ च्या ऑगस्टमध्ये अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावे लागले, त्याला हा प्रश्न निरर्थक वाटेल. दोन्ही उत्तरे अनुभवातूनच आलेली आहेत. म्हणून पिशवी ठेवावी की नाही, याचा निर्णय सरसकट न देता आपत्तीच्या स्वरूपानुसार तपासणे अगत्याचे आहे.

अवधी किती मिळतो ?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती आणि गावे झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी तेथील घरांची रचना होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद काही सेकंदांत झोपलेल्या माणसांवर कोसळले आणि हजारो जीव गेले. अशा वेळी पिशवी दाराशी असती तरी ती उचलण्यास कोणाला सवड नव्हती. माणूस वाचतो तो घराच्या बांधणीमुळे. भूकंपाच्या बाबतीत पहिला खर्च पिशवीवर नव्हे, तर भिंतींच्या बांधणीवर व्हावयास हवा, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दरड कोसळण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गाडले गेले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. रायगड जिल्ह्यात तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री हेच घडले. डोंगर सुटू लागल्यावर पिशवी शोधणे व्यर्थ आहे. मात्र दरडींच्या बाबतीत एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. सतत अतिवृष्टी होत असताना डोंगरउतारावरील वस्त्या काही दिवसांपुरत्या हलविण्याचा निर्णय प्रशासन घेऊ शकते, आणि घ्यावाही. तो निर्णय झाला की कुटुंबाला तासाभरात निघावे लागते. तेथे पिशवीचे महत्त्व एकदम वाढते.

नदीच्या पुराचे गणित निराळे आहे, आणि पिशवीची खरी कसोटी तेथेच लागते. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेसाठी आयर्विन पुलाजवळ हेच आकडे अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. पावसाळ्यात या दोन शहरांत फूट आणि इंच यांची चर्चा बाजारभावासारखी चालते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आणि धरणांतून सोडलेले पाणी खाली पोहोचण्यास बरेच तास लागतात आणि पाणी पायरीपायरीने चढते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरू लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूस नारायणस्वामींच्या मंदिरात हलविली जाते. ती केव्हा हलवायची हे ठरलेले असते, त्यावर ऐनवेळी वाद होत नाही. घरांच्या बाबतीत मात्र असे ठरलेले नसते.

२०१९ मध्ये अवधी होता, तरीही असंख्य कुटुंबे अडकली. ती का अडकली याचा विचार पिशवीच्या गुणदोषांपेक्षाही महत्त्वाचा आहे. एक कारण २००५ च्या महापुरात दडलेले होते. त्या वर्षी पाणी कोठवर आले होते, याची खूण घरोघरी लक्षात होती. भिंतीवरच्या त्या रेषेपुढे पाणी येणार नाही, असा विश्वास बाळगून अनेकांनी सामान माळ्यावर चढविले आणि वरच्या मजल्यावर मुक्काम केला. सांगलीत २००५ ची पातळी ५४ फुटांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली. जुन्या पुराचा अनुभव येथे शत्रूसारखा वागला.

दुसरे कारण जनावरे. दावणीला बांधलेली दुभती म्हैस सोडून शेतकरी जाणार नाही, आणि त्याला त्यासाठी दोष देणाऱ्याने म्हशीची किंमत विचारून पाहावी. तिसरे कारण घर धुंडाळण्याचे. रेशनकार्ड कोठे आहे, जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत, आजोबांची औषधे कोठे ठेवली, या शोधाशोधीत दुपार टळते, रस्ता पाण्याखाली जातो आणि मग नावेशिवाय मार्ग उरत नाही. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि त्यांत अनेकांना प्राणास मुकावे लागले. शेवटच्या नावेत नेहमीच क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढतात. जो चालत जाऊ शकेल अशा वेळी निघाला, त्याला नावेची गरज पडली नाही.

पिशवीचे मोल येथे आहे. उशीर होण्याच्या तीन कारणांपैकी एक कारण ती नाहीसे करते. म्हशीचा प्रश्न तिने सुटत नाही, आणि जुन्या पूररेषेवरचा विश्वासही तिने ढळत नाही. पण जे काम पाच मिनिटांत होऊ शकते त्याला चार तास लागू नयेत, एवढे ती निश्चित करते.

कोकणात हा अवधी फारच थोडा असतो. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमधील नद्या आखूड व उताराच्या आहेत. वर मुसळधार पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली की पाणी तुंबते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, ते लोक झोपेत असताना. सावित्रीकाठी महाडमध्येही तीच स्थिती झाली. अशा गावांत कपाटाच्या तळाशी ठेवलेली पिशवी नसल्यासारखीच. ती उंच खुंटीवर, आणि घरातील प्रत्येकास ठाऊक असलेल्या जागी असली तरच उपयोगी.

पिशवीत काय असावे ?

या विषयावरील पुस्तिकांत अन्नाच्या याद्या लांबलचक असतात. महाराष्ट्रातील अनुभव पाहता हा भर काहीसा चुकीच्या जागी आहे. पूरग्रस्तांच्या छावणीत पहिल्या दिवसापासून खिचडी शिजते. शेजारची गावे भाकऱ्या पाठवितात. अन्नावाचून हाल होतात ते वाटेत किंवा गच्चीवर अडकून पडलेल्यांचे. त्यासाठी गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा असे दोन दिवसांचे सामान पुरे. पिण्याचे पाणी मात्र विसरून चालत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुण्यात पुराने हाहाकार झाला आणि पूर ओसरल्यावर शहराच्या नळांना पाणी देणारा तलावच उरला नव्हता. पाण्याच्या बाटल्यांसोबत क्लोरीनच्या गोळ्या असल्यास उत्तम.

औषधांचे तसे नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे यांची औषधे चार दिवस चुकली तरी प्रकृती धोक्यात येते, आणि छावणीत प्रत्येकाचे नेमके औषध मिळेलच असे नाही. किमान आठवड्याची मात्रा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पिशवीत असावी. जुना का होईना, पण जादा चष्मा असावा. स्त्रियांसाठी मासिक पाळीचे साहित्य पुरुष सदस्यांनी तयार केलेल्या याद्यांत आढळत नाही. ते असावे. तान्ह्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड, विजेरी, शिट्टी, काडेपेटी, एकेक जोड कपडे आणि लहान नोटांच्या स्वरूपात थोडी रोकड, एवढ्यावर पिशवी भरते. ती एका हाताने उचलता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हाताला मूल किंवा म्हातारे माणूस धरलेले असते. बाजारात मिळणारी तयार व महाग पिशवी विकत घेण्याचे काहीच कारण नाही. मुलाचे जुने दप्तर आणि खताच्या गोणीतील जाड प्लास्टिकचे अस्तर, स्वच्छ धुऊन, हे काम चोख करतात.

सर्वांत महत्त्वाचे कागद. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात. सानुग्रह अनुदान बँक खात्यात जमा होते. त्यासाठी खातेपुस्तक, आधार कार्ड, शिधापत्रिका यांची मागणी होते. ज्याचे सारे भिजून गेले, तो मदतीच्या रांगेत उभा राहण्यापूर्वी दाखल्यांच्या रांगेत उभा राहतो. घर ज्याच्या नावावर आहे तो हयात नसेल, किंवा कुळाचे घर दुसऱ्याच्या जागेत असेल, तर अडचण दुप्पट होते. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला व जातीचा दाखला वाहून गेल्यामुळे तिचा प्रवेश लांबणीवर पडणे, ही पुराची हानी पंचनाम्यात कोठेच नोंदली जात नाही.

यावर आता अर्धा उपाय उपलब्ध आहे. डिजिलॉकरमधील कागदपत्रांना कायद्याने मूळ प्रतीइतकीच मान्यता आहे आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. तरीही सर्व भार भ्रमणध्वनीवर टाकणे धोक्याचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडमधील कित्येक गावांत वीज आणि भ्रमणध्वनीचे मनोरे अनेक दिवस बंद होते. त्या काळात बंद पडलेल्या यंत्रातील सातबारा कोणाला दाखविणार ? म्हणून छायाप्रती पिशवीत, मूळ कागद जाड प्लास्टिकमध्ये त्यांच्याच सोबत, आणि एक संच दुसऱ्या गावातील विश्वासू नातलगाकडे, अशी तिहेरी व्यवस्था हवी. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांकही कागदावर लिहिलेले असावेत. त्यांत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन साहाय्याचा ११२ हे असलेच पाहिजेत.

जपानमध्ये अशी पिशवी घरोघरी ठेवण्याचा प्रघात आहे. १९२३ च्या १ सप्टेंबरला टोकियो परिसरात झालेल्या भीषण भूकंपाच्या स्मरणार्थ तोच दिवस तेथे १९६० पासून आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो. तेथील लोक घेऊन पळण्याची पिशवी आणि घरात राहून दिवस काढण्याचा साठा यांत स्पष्ट भेद करतात. आपल्याकडील सूचनांत या दोहोंची सरमिसळ होते आणि पिशवी इतकी जड होते की ती कोणी बांधतच नाही.

गावाची पिशवी

घराच्या पिशवीची जबाबदारी कुटुंबाची. पण गावात काही घरे अशी असतात की तेथे पिशवी बांधणारे कोणी नसते. मुलगा पुण्या-मुंबईत, कागद त्याच्याजवळ आणि घरात एकटी आई. अशा घरांची यादी ग्रामपंचायतीजवळ असावी आणि प्रत्येक घरासाठी शेजारचे एक नाव ठरलेले असावे. आशा स्वयंसेविकेला ही घरे बहुधा आधीच ठाऊक असतात. तिला विचारण्याचे तेवढे राहून जाते.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे दप्तर हाही याच विचाराचा भाग होय. जन्ममृत्यूची नोंदवही, करआकारणीचा नमुना आठ, ठरावांची पुस्तके ही तळमजल्यावरील लोखंडी कपाटात खालच्या खणात असतात, कारण ती जड असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचीही तीच जागा. ज्यांचे घरचे दाखले गेले त्यांना दुय्यम प्रती ज्या नोंदवह्यांवरून मिळावयाच्या, त्याच भिजल्या तर सर्व मार्ग खुंटतात. मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक यांनी मेअखेर ही पुस्तके वरच्या खणात हलविली, तर त्यास एक पैचा खर्च नाही.

जनावरांबाबत मात्र ग्रामपंचायतीखेरीज कोणी काही करू शकत नाही. धोका पातळीच्या आधीच, इशारा पातळीवर जनावरे हलवावयाची, उंचावरील कोणत्या माळावर न्यावयाची, तेथे वैरण कोण देणार आणि राखण कोण करणार, हे आधी ठरले असेल तरच शेतकरी वेळेवर घर सोडतो. १ मे रोजी अनेक गावांत ग्रामसभा भरते आणि मृगाचा पाऊस त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी येतो. त्या सभेत पूररेषेचे, माळाचे व एकट्या वृद्धांच्या यादीचे विषय मांडता येतील. पिशवी तपासण्यासही हाच सुमार योग्य. औषधांची मुदत संपलेली असते, विजेरीचे सेल पाझरलेले असतात, आणि गेल्या वर्षी ठेवलेला फ्रॉक मुलीला आता आखूड होतो.