शेवटचें औषध आणि कोंबड्यांचें खाद्य

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतील अत्यवस्थ रोगी आणि शेतकऱ्याचें कोंबड्यांचें खुराडें यांचा परस्परांशीं संबंध काय, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. तो संबंध निकटचा आहे, म्हणूनच हा पाठ आम्हीं योजिला आहे.

श्वासयंत्रावर ठेवलेल्या रोग्याच्या अंगांत नळ्या घातलेल्या असतात. त्या वाटेनें जंतु आंत शिरतात. क्लेब्सिएल्ला जातीचे कांहीं जंतु आतां बहुतेक प्रतिजैविकांस दाद देत नाहींत. मग डॉक्टरांच्या हातीं जीं मोजकीं औषधें उरतात, त्यांत कोलिस्टिन हें एक होय. मूत्रपिंडास अपाय करतें म्हणून १९७० नंतर तें मागें पडलें होतें. दुसरा उपाय खुंटला तेव्हां तें पुनः घ्यावें लागलें.

तेंच औषध डुकरें व कोंबड्या लवकर वाढाव्या म्हणून खाद्यांतून थोड्या मात्रेनें सतत दिलें जात असे. अशा मात्रेनें दुबळे जंतु मरतात, चिवट उरतात, आणि त्यांचीच वीण वाढते. एकच कीटकनाशक वारंवार मारलें असतां कीड त्यास जुमानीत नाहीं, हा अनुभव वाचकांस आहेच.

चिनी संशोधकांनीं २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या शोधांत कत्तलीच्या डुकरांच्या ८०४ नमुन्यांपैकीं १६६ मध्यें, व रुग्णालयांतील रोग्यांच्या १,३२२ नमुन्यांपैकीं १६ मध्यें, कोलिस्टिन निष्फळ करणारें ‘एमसीआर-१’ हें जनुक आढळलें. सातबाऱ्याची नक्कल दिली तरी मूळ दप्तरींच राहतें. त्याप्रमाणें एक जंतु या जनुकाची नक्कल दुसऱ्या जातीच्या जंतूस देतो व स्वतःजवळही राखतो. म्हणून जनावरांतील दोष माणसांपर्यंत पोंचतो.

आशेची गोष्ट अशी कीं, चीननें २०१७ मध्यें वाढीसाठीं खाद्यांत कोलिस्टिन घालण्यास बंदी केली, तेव्हां डुकरांच्या विष्ठेंत असे जंतु सांपडण्याचें प्रमाण शेंकडा ३४ वरून २०१७-१८ मध्यें शेंकडा ५ वर आलें. भारत सरकारनेंही जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळलेलीं जनावरें, कोंबड्या व मत्स्यपालन यांकरितां या औषधाची निर्मिति व विक्री बंद केली.

तथापि कायदा खुराड्याशीं येऊन पहारा करीत नाहीं. तेथें शेतकऱ्यानेंच पुढील नियम पाळावे :

१. पोत्यावरील घटकांची यादी वाचावी. वाढीसाठीं प्रतिजैविक घातलेलें खाद्य घेऊं नये.

२. पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून प्रतिजैविक देऊं नये. दिल्यास सांगितलेली मात्रा व दिवस पूर्ण करावे.

३. औषध चालू असतां व त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस दूध, अंडीं व मांस विकूं नये.

४. खुराडें कोरडें व स्वच्छ ठेवावें, लसी वेळेवर टोंचून घ्याव्या. रोगच आला नाहीं तर औषधाची गरज उरत नाहीं.

पक्ष्याचें वजन चार दिवस उशिरां भरलें तर तोटा थोडा. पण उद्यां आपल्याच घरचें माणूस अतिदक्षता विभागांत पडलें आणि शेवटचें औषध निरुपयोगी ठरलें, तर तो तोटा कोणत्याही बाजारभावानें भरून येणार नाहीं.