धनुष्य हाती घेण्यापूर्वी



गेल्या महिन्यात असरच्या नमाजनंतर नवी पेठेतील एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. त्याने बांबूचे धनुष्य मिळवले होते. थंडी पडली की मित्रांसह नान्नजच्या माळावर जाऊन पहिली शिकार करायची, असा त्याचा बेत होता. "मौलाना, शिकार हलाल आहे ना?" एवढेच त्याने विचारले. प्रश्न योग्य होता. पण अर्धाच होता. उरलेला अर्धा आपण पालकांनीही समजून घेतला पाहिजे.

तिरंदाजी ही दीनमध्ये सन्मानाची विद्या आहे. सूरह अल-अनफालच्या ६० व्या आयतीत सामर्थ्य सज्ज ठेवण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या सामर्थ्याचा अर्थ तिरंदाजी असा तीनदा सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये नोंदले आहे.

शिकारही मूलतः मुबाह आहे; मात्र तिला मर्यादा आहेत. त्या आपल्याला हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या प्रश्नांमुळे कळल्या. बाण सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. बाणाच्या टोकाने जखम व्हावी; आडव्या माराने मेलेला प्राणी खाऊ नये. जिवंत सापडल्यास जबह करावा. पाण्यात पडून मेला असेल तर सोडून द्यावा. कारण तो बाणाने मेला की बुडून, ही शंका उरते. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करणे तर निषिद्धच आहे. बांधलेल्या पक्ष्यावर बाण मारणारी मुले पाहून हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी, असे करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे सांगितले होते.

आता उरलेला अर्धा प्रश्न. सूरह अल-माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याच्या आदेशाने सुरू होते आणि त्याच आयतीत इहराममधील शिकारीची मनाई येते. पुढे ९४ व्या आयतीत हात आणि भाले पोहोचतील इतक्या जवळ आलेल्या शिकारीने मोमिनांची परीक्षा होईल, असे सांगितले आहे. प्राणी तोच, शस्त्र तेच. तरीही तेथे हात आवरणे हाच तकवा ठरतो. हलाल असणे म्हणजे सर्वत्र आणि सर्वकाळ मोकळीक असणे नव्हे.

आपण ज्या देशात नागरिक म्हणून राहतो, त्याचे कायदे पाळण्यास बांधील आहोत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे. मारण्याचा प्रयत्न, सापळा लावणे आणि हाकारणे हेही शिकारीतच मोडते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. माळढोक, काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मुबाह गोष्ट सोडल्याने गुनाह होत नाही. करार मोडल्याने मात्र होतो.

मग धनुष्य खुंटीला टांगायचे का? मुळीच नाही. आपल्या देशातील इंडियन राउंड स्पर्धा बांबूच्या धनुष्यानेच, ३० आणि ५० मीटर अंतरांवरून होते. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे विश्वविजेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती; तिचे धनुष्य आधुनिक, पण साधना तीच. मुलांना प्रशिक्षकाकडे पाठवा, मातीच्या किंवा गवताच्या लक्ष्यावर सराव करू द्या.

आणि एक अदब. मशिदीतून वा बाजारातून बाण नेणाऱ्याने टोके मुठीत धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नवी पेठेतील संध्याकाळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या हदीसची गरज वेगळी सांगायला नको.

तो मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने मैदानाची चौकशी केली. अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना बळ देवो आणि ते हात आवरण्याची समजही देवो. आमीन.