इजिप्तचा खरेदीदार भारतात बोलवायचाय? आधी त्याच्या व्हिसाची फाइल समजून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण परदेशी ग्राहक शोधण्याबद्दल बोललो. आज पुढची पायरी. ग्राहक म्हणतो, "माल बघायला येतो." आपण खूश होतो, चहा-नाश्त्याचं, गाडीचं ठरवतो. पण त्याला व्हिसा मिळेल का, हे कुणी बघतच नाही.

आमच्या बॅचमधल्या सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचंच बघा. कैरोचा एक खरेदीदार नव्या हंगामाची हळद बघायला येणार होता. आमच्या या मित्राने निमंत्रण पत्र लिहिलं, पण नाव घेतलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं. आणि कारण काय, तर "महाराष्ट्र भेट". पासपोर्टवरचं नाव वेगळं, कारणही मोघम. दुरुस्त पत्र मागितलं गेलं. तोवर तिकडे रमजान सुरू झाला, कामाचे तास कमी झाले. पाहुणा आलाच नाही आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. माल चांगला होता हो! अडला फक्त कागद.

पहिली गोष्ट : नाव

इजिप्तच्या पासपोर्टवर बहुधा चार नावं असतात. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि पुढे पणजोबांचं किंवा घराण्याचं. रोजच्या व्यवहारात माणूस त्यातली दोनच वापरतो. शिवाय 'मोहम्मद' हे एकच नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. म्हणून पहिला नियम पाठ करा : पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा. पासपोर्ट क्रमांकही पत्रात टाका.

दुसरी गोष्ट : व्हिसाचा प्रकार

व्यवहारासाठी येणाऱ्याने बिझनेस व्हिसाच घ्यायचा. "टुरिस्टवर येतो, कोण विचारतंय?" असं तो म्हणाला तर तुम्ही स्पष्ट नाही म्हणा. अर्ज भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर भरतात आणि त्याचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स भरपूर आहेत, जादा पैसे घेतात. इजिप्तच्या नागरिकाला त्या वेळी ई-व्हिसा लागू आहे की कैरोतल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायचा, हे तिथेच तपासायला सांगा. यादी बदलत असते. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत.

तिसरी गोष्ट : तुमचं निमंत्रण पत्र

लेटरहेडवर लिहा. त्यात एवढं हवंच :

- पाहुण्याचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, त्याची कंपनी आणि हुद्दा
- येण्याचं नेमकं कारण. "हळदीचे नमुने पाहणे आणि दर ठरवणे" असं. "व्यवसायवृद्धी" असं मोघम नको
- तारखा, कुठे कुठे जाणार, राहणार कुठे
- प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करणार
- तुमचं नाव, सही, शिक्का, चालू फोन नंबर

सोबत जीएसटी, उद्यम नोंदणी आणि आयईसीची प्रत जोडा. अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता आणि फोन मागतात. तो तुमचा असेल, तर अनोळखी नंबरचा फोनसुद्धा उचला!

चौथी गोष्ट : त्याच्या बाजूचे कागद

इजिप्तचा व्यापारी परदेशी निघतो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये साधारण काय असतं? धंद्याची 'सेगेल तोगारी' म्हणजे व्यापारी नोंदणी, कर ओळखपत्र, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट. युरोपचे दूतावास 'हालचालींचा दाखला'ही मागतात, म्हणजे तो देशाबाहेर कधी गेला, कधी परतला याची सरकारी नोंद. तिकडे पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे. त्यामुळे तरुण मुलगा किंवा पुतण्या सोबत येणार असेल तर त्याची लष्करी सेवेची कागदपत्रं आधी मार्गी लागलेली हवीत. बरेचसे कागद अरबीत असतात, भाषांतराला वेळ धरा.

आणि हो, तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी मेल टाकलात, तर उत्तर रविवारी. आणि रविवारी आपण बंद!

भेट युरोपात ठरली तर?

कधी कधी खरेदीदार म्हणतो, "जर्मनीतल्या प्रदर्शनात भेटू." तेव्हा त्यालाही आणि तुम्हालाही शेंगेन व्हिसा लागतो, आणि मूळ नियम दोघांना सारखेच :

- अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी
- प्रौढांची फी ९० युरो. व्हिसा नाकारला तर परत मिळत नाही
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा
- पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा
- मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस
- जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे

निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. नकार आला तर कारण लेखी मिळतं आणि अपील करता येतं. ते कारण वाचा. तीच फाइल पुन्हा तशीच टाकली, तर पैसे पुन्हा पाण्यात.

शेवटची, सगळे विसरतात ती गोष्ट

पाहुणा हॉटेलऐवजी तुमच्या घरी उतरला, तर परदेशी व्यक्ती मुक्कामाला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. लोक त्याला 'फॉर्म सी' म्हणतात. हॉटेलवाले भरतात, घरी असेल तर ते काम तुमचं. "पाहुणा आहे, त्यात काय कळवायचं?" असं करू नका.

आजचा गृहपाठ : अजून कुणी येणार नसलं तरी निमंत्रण पत्राचा एक नमुना आजच तयार करून ठेवा. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखांची जागा मोकळी ठेवा. ज्या दिवशी समोरून "येतो" असा मेसेज येईल, त्याच दिवशी पत्र गेलं पाहिजे. आपण किती तयारीत आहोत, हे ग्राहकाला त्यावरूनच कळतं.

पुढच्या भागात बघू, पाहुणा आल्यावर नमुना आणि दर कसे समोर ठेवायचे. भेटूया!