राणीछाप रुपये उजळून घ्यावेत का?

प्रश्न : आजीच्या पेटीत १८६२ सालचे राणीछाप रुपये आणि दोन शिवराया निघाल्या. काळ्या पडल्या आहेत. सोनाराकडून उजळून घेऊ का? फोनवर एक जण लाखाला मागतोय, पण आधी ‘नोंदणी फी’ भरा म्हणतो.
– एक वाचक, पिंपळनेर (ता. साक्री)

उत्तर : उजळून अजिबात घेऊ नका. चिंच, राख, पॉलिश यांनी चांदीचा वरचा थर खरवडला जातो आणि संग्राहक असं नाणं बाजूला सारतो. काळपटपणा राहू द्या.

१८६२ या आकड्याला भुलू नका. टांकसाळींनी १८७४ उजाडेपर्यंत रुपयावर तेच साल कायम ठेवलं, म्हणून ही नाणी घरोघरी निघतात. किंमत ठरते झिजेवरून. भिंगाखाली राणीच्या मुकुटाची नक्षी आणि झग्यावरची वेलबुट्टी पाहा. रेघ न् रेघ सुटी दिसली तर प्रत उत्तम. सपाट झाली असेल तर चांदीच्या भावाहून फार जास्त मिळणार नाही. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतो.

तांब्याची शिवराई शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली गेली. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं नीट वाचता येत असतील, तर नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाणकारांना दाखवा.

नाणं कडेनं धरा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यात हिरवट चिकटा धरतो.

फी मात्र एक पैसाही भरू नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलं आहे.