मुक्तिनाथला छोट्या विमानाने जावे का?

प्रश्न : एप्रिलमध्ये आई-बाबांना नेपाळमधल्या मुक्तिनाथला न्यायचे आहे. तिकडे जाणाऱ्या पोखरा-जोमसोम विमानाच्या अपघातांच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. उड्डाणेही ऐनवेळी रद्द होतात म्हणे. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची धास्ती अनाठायी नाही. २९ मे २०२२ रोजी याच मार्गावर तारा एअरचे ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळले आणि सर्व २२ जण दगावले. त्यांत ठाण्याचे चौघे होते. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांवर बंदी घातली. त्यामुळे नुसती कंपनी बदलून काळजी मिटत नाही.

विमान अन्नपूर्णा आणि धवलगिरी यांच्यामधल्या काली गंडकीच्या दरीतून जाते. वैमानिकाला वाट डोळ्यांनी दिसावी लागते. ढग आले की डोंगर दिसत नाही. दिवस चढला की जोमसोमला जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणे सकाळीच होतात. तेव्हा उड्डाण रद्द झाले तर वाद घालू नका; तो निर्णय तुमच्या जिवासाठीच असतो.

विमानानेच जायचे असेल तर सकाळचे पहिले उड्डाण घ्या, दोन दिवस हाताशी ठेवा आणि परतीच्याच दिवसाचे पुढचे तिकीट काढू नका.

माझा सल्ला मात्र पोखऱ्याहून जीपने जाण्याचा. रस्ता खडबडीत आहे, म्हणून वाटेत तातोपानीला मुक्काम करा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरहून उंच आहे. टप्प्याटप्प्याने चढल्यास विरळ हवेचा त्रास कमी होतो. निघण्यापूर्वी दोघांनाही डॉक्टरांकडून तपासून घ्या.